पंचाची कसोटी

अमेरिकेत बेसबॉल हा अत्यंत लोकप्रिय खेळ आहे. मैदानावर चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. फलंदाज घरच्या ठाण्यापाशी उभा राहून चेंडू टोलवतो. उरलेल्या तिन्ही ठाण्यांना क्रमाने स्पर्श करून तो घरी परतला, की एक धाव होते. मोठ्या सामन्यांत प्रत्येक ठाण्यापाशी एक, असे चार पंच असतात.

घरच्या ठाण्यामागील पंचाचे काम फार अवघड. तोंडावर जाळीचा मुखवटा आणि छातीवर जाड कवच चढवून तो वाकून उभा असतो. सुमारे ६० फुटांवरून फेकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्यापुढे येतो. तो १७ इंच रुंदीच्या ठाण्यावरून व योग्य उंचीवरून गेला, तर पंच ‘स्ट्राइक’ देतो. तसा न गेल्यास आणि फलंदाजाने बॅटही न फिरवल्यास तो ‘बॉल’ ठरतो. तीन स्ट्राइक झाले, की फलंदाज बाद होतो. चार बॉल झाले, तर त्याला पहिले ठाणे आपोआप मिळते.

पहिल्या ठाण्याजवळच्या पंचाला डोळे आणि कान दोन्ही जागे ठेवावे लागतात. त्याची नजर धावणाऱ्याच्या पायावर असते, तर कान चेंडू हातमोज्यात आदळल्याच्या आवाजाकडे. आवाज आधी आला, तर तो मूठ उंचावून ‘बाद’ म्हणतो; पाय आधी टेकला, तर दोन्ही हात आडवे पसरून ‘नाबाद’.

२ जून २०१० रोजी डेट्रॉइट शहरात याच ठाण्याजवळ जिम जॉयस हे पंच उभे होते. पंचगिरीत त्यांची वीस वर्षांहून अधिक काळ गेली होती. डेट्रॉइटचा तरुण गोलंदाज आर्मांडो गलार्रागा याने ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. एकालाही पहिले ठाणे गाठता आले नव्हते. आणखी एक बाद झाला, की ‘परिपूर्ण सामना’ त्याच्या नावावर लागणार होता. तेथील प्रमुख स्पर्धांच्या सव्वाशेहून अधिक वर्षांत असे केवळ २० सामने झाले होते.

सत्ताविसाव्या फलंदाजाने चेंडू टोलवला. गलार्रागाने ठाण्याकडे धाव घेतली, सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलला आणि ठाण्यावर पाय ठेवला. जॉयस यांनी मात्र हात आडवे पसरले. नाबाद! प्रेक्षक संतापले. गलार्रागा केवळ हसला, आपल्या जागी परतला आणि त्याने पुढच्या फलंदाजास बाद केले.

सामन्यानंतर जॉयस यांनी चित्रफीत पाहिली. फलंदाज स्पष्टपणे बाद होता. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. एका तरुणाचा विक्रम आपल्या चुकीमुळे हुकला, हे त्यांनी पत्रकारांपुढे मान्य केले आणि साश्रू नयनांनी गलार्रागाची क्षमा मागितली. त्यानेही त्यांना मोठ्या मनाने क्षमा केली.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्यातून रजा घेण्याची मुभा जॉयस यांना होती. पण ते मैदानावर आले. संघाची यादी पंचाकडे देण्यासाठी गलार्रागाच पुढे आला. जॉयस यांनी डोळे पुसले आणि त्याचा खांदा थोपटला. निर्णय कधीच बदलला गेला नाही.

२०१४ पासून अशा निर्णयांविरुद्ध चित्रफितीच्या आधारे दाद मागता येते. यंत्राने चूक दिसते. ती कबूल करण्याचे धैर्य मात्र माणसालाच दाखवावे लागते. पंचाचा अधिकार या प्रामाणिकपणावरच उभा असतो.

शब्दार्थ : मुभा – मोकळीक, सबब – निमित्त, साश्रू – अश्रूंसह.

स्वाध्याय
१. पहिल्या ठाण्याजवळचा पंच नजर व कान यांचा उपयोग कसा करतो?
२. जॉयस दुसऱ्या दिवशी मैदानावर आले नसते, तर लोकांना काय वाटले असते?
३. जॉयस व गलार्रागा यांपैकी कोणाचे वर्तन तुम्हांस अधिक कठीण वाटते? सकारण लिहा.