गुंटर्सव्हिलला जाण्याआधी

टायलर, टेक्सास
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. अमेय,

काल तुझा फोन ठेवला आणि मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. भिंतीवर नऊ रॉड टांगलेले आहेत. त्यातले खरोखर कामाचे किती, हे मोजलं तर चार भरले. बाकीचे पाच म्हणजे न विचारता केलेल्या खरेद्या. म्हणूनच तू खरेदीआधी विचारलंस याचा फार आनंद झाला. हंट्सव्हिलला नोकरी, तासाभराच्या आत गुंटर्सव्हिलचा तलाव, आणि शनिवारी तू दुकानात जाणार. त्याआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून आजच लिहायला बसलो.

दुकानात शिरलास की आधी रॉडची भिंत लागते, मग काचेच्या कपाटात रिळं, आणि दोरी कुठेतरी गल्ल्याजवळ. माणूस त्याच क्रमाने खरेदी करतो आणि दोरीपाशी येईपर्यंत पैसे संपलेले असतात. तू उलटा जा. कुठलं आमिष टाकणार ते आधी ठरव, त्यावरून दोरी, दोरीवरून रॉड, आणि रीळ सगळ्यात शेवटी.

मी हे शिकलो ते अण्णांकडून, पण मला ते कळलं फार उशिरा. अण्णांकडे रॉडही नव्हता आणि रीळही नव्हतं. रेवदंड्याच्या खाडीवर गरवायला जाताना हातात एक लाकडाचं फळकूट असायचं, त्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गरी, गरीला जिवंत कोळंबी. तंगूस ते तर्जनीवरून घेत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, एकदा त्यांनी तो माझ्या बोटावर ठेवला आणि विचारलं, "काय कळतंय?" मला काहीच कळेना. मग त्यांनी माझ्या बोटावर स्वतःचं बोट ठेवलं आणि सांगत गेले, आता वाळूवरून ओढलं जातंय, आता दगडाला घासलं, आता खेकडा कोळंबी कुरतडतोय. जिताडा लागला तेव्हा मात्र सांगावं लागलं नाही. रॉड म्हणजे अण्णांचं ते बोटच, सात फूट लांब केलेलं. आणि मासा आणि तू यांच्यामध्ये जे काही असतं ते दोरीतूनच येतं.

जिताड्यावरून एक सांगतो. इंग्रजीत त्याला एशियन सी बास म्हणतात, म्हणून इथला बास त्याचा भाऊबंद असेल असं ताईला वाटलं होतं. तसं नाही. गुंटर्सव्हिलचा लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला मासा. स्वभाव मात्र मिळता आहे. आडोशाला दबा धरून बसायचं आणि जवळून जाणाऱ्यावर एकदम झडप घालायची. त्यामुळे बास कुठल्या आडोशाला आहे, यावर तुझी सगळी खरेदी ठरते. गुंटर्सव्हिलचं धरण १९३९ साली टेनेसी नदीवर पूर्ण झालं. सुमारे ६९,००० एकर पाणी, आणि त्यात पाणगवताची रानंच्या रानं. तुझा आडोसा गवत. पण काठावरून गरवणाऱ्याला दुसराही एक आडोसा मिळतो, तो म्हणजे पुलांच्या भरावावरचे दगड. २०१४ ची बासमास्टर क्लासिक स्पर्धा याच तलावावर झाली. शेवटच्या दिवशी अकराव्या क्रमांकावरून सुरुवात केलेला रँडी हॉवेल एका पुलाजवळच्या दगडी भरावावर क्रँकबेट, म्हणजे तिहेरी गऱ्या लावलेलं माशाच्या आकाराचं आमिष, मारत राहिला आणि स्पर्धा जिंकला. तुझ्याकडे बोट नाही, तेव्हा असे भराव शोधून ठेव.

आता दोरी. तीन जाती आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव पाण्यात वेगळा.

पहिली मोनो, म्हणजे आपला तंगूसच, नायलॉनचा. ही ताणते, जवळजवळ तरंगते, स्वस्त असते. मासा जोरात पळाला की तिचं ताणणं झटका गिळतं. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या आमिषांना ती चांगली. पण लांबवर टाकलेल्या आमिषाला मासा नुसता स्पर्श करून गेला, तर तो निरोप ताणातच विरतो. उन्हाने ती कमजोर होते, हे पक्कं लक्षात ठेव.

दुसरी फ्लोरोकार्बन. ही पाण्यापेक्षा जड, म्हणून बुडते. प्रकाश वाकवण्याचा तिचा अंक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या पुढे. म्हणजे पाण्यात ती नायलॉनपेक्षा कमी दिसते. दगडावर घासली तरी बऱ्यापैकी टिकते, आणि तळाचा निरोप बोटापर्यंत नीट आणते. ताठ असते, त्यामुळे रिळावर वळ्या धरते आणि नवशिक्याला थोडा त्रास देते. गाठ कोरडी आवळलीस तर तिथेच तुटते. प्रत्येक वेळी गाठ थुंकीने ओली करून मगच ओढायची.

तिसरी ब्रेड, पॉलिएथिलीनच्या बारीक तंतूंची वेणी. जवळजवळ ताणतच नाही, तरंगते, आणि त्याच जाडीच्या मोनोपेक्षा कितीतरी पट बळकट. गवत ती करवतीसारखी कापते. दगडावर मात्र पटकन झिजते, आणि नितळ पाण्यात ठळक दिसते. रिळावर थेट बांधलीस तर सगळीच्या सगळी जागेवर गरगर फिरते, म्हणून खाली थोडी मोनो भरून मग ब्रेड जोडायची.

एवढं कळलं की रॉडच्या भिंतीला घाबरायचं कारण उरत नाही. मुठीच्या जरा वर रॉडवर बारीक अक्षरात दोन आकडे छापलेले असतात, किती पौंडाची दोरी आणि किती औंसाचं आमिष. दुकानात सगळ्यात आधी ते वाच. बाकी दोन शब्द महत्त्वाचे. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. 'फास्ट' नुसता शेंड्याकडे वाकतो, 'मॉडरेट' मध्यापर्यंत कमानीसारखा वाकतो. एकेरी गरीला फास्ट, कारण ती माशाच्या जबड्यात जोराने रुतवावी लागते. तिहेरी गरीला मऊ रॉड, कारण ती बारीक असते, उथळ रुतते, आणि ताठ रॉडने ओढलं की मांस फाडून बाहेर येते.

हा शेवटचा भेद मला फार महाग पडला. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी एका दुकानदाराने मला सगळ्यात जड, सगळ्यात ताठ रॉड विकला. मोठे मासे पकडायचेत ना, मग हाच घ्या, म्हणाला. मीही तोच घेतला, कारण हातात तो भक्कम वाटला. एप्रिलमध्ये लेक फोर्कवर बुडालेल्या झाडांच्या कडेने क्रँकबेट ओढत होतो. एका सकाळी तीन मासे लागले आणि तिन्ही बोटीपाशी येऊन सुटले. तिसरा वर आला तेव्हा त्याचं तोंड, लाल कल्ले, त्यात अडकलेलं आमिष हे सगळं मी पाहिलं. त्याने डोकं झटकलं आणि आमिष माझ्या खांद्यावरून मागे उडालं. धक्क्यावर एका म्हाताऱ्याने माझा रॉड हातात घेतला, शेंडा जमिनीला टेकवून वाकवून पाहिला आणि म्हणाला, "हा गवतातून मासा उपटायचा रॉड आहे. या आमिषाला हा नाही." तो रॉड अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे, आणि तू तो तिसरा मासा पाहायला हवा होतास.

तर तुझ्यासाठी. मार्चमध्ये पाणी कोमट व्हायला लागलं की गुंटर्सव्हिलचा बास उथळ गवताच्या कडेला येतो. तिथे अर्ध्या औंसाचं खुळखुळणारं, जिभेशिवायचं क्रँकबेट चालतं; रॅट-एल-ट्रॅप हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. ते गवताच्या शेंड्यांवरून ओढायचं, अडकलं की मनगटाने झटकून सोडवायचं; सुटतं त्याच क्षणी बहुधा मासा धरतो. त्याच रॉडवर टेक्सास रिग, म्हणजे रबरी किडा, एकेरी गरी आणि पुढे गोळीच्या आकाराचं वजन, हेही टाकता यायला हवं. या दोन्हींना पुरेल असा एकच रॉड घ्यायचा तर सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट, ग्रॅफाइटचा. आकडे दोरीसाठी १२ ते २० पौंडांच्या आसपास आणि आमिषासाठी ३/८ ते १ औंसाच्या आसपास असावेत. दोरी १५ पौंडी फ्लोरोकार्बन. तिहेरी गरी वापरशील तेव्हा ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारी रिळातली पकड, थोडा सैल ठेव आणि जोरात झटका मारू नकोस, नुसतं रीळ फिरवत रॉड बाजूला ने. तडजोड आहे, पण पहिल्या वर्षाला योग्य तडजोड आहे.

घेण्याआधी रॉड हातात धरून सगळ्या कड्यांमधून कापसाचा बोळा फिरव. कुठे धागा अडकला तर ती कडी तडकलेली आहे, दोरी तिथेच कापली जाणार. आणि पैसे कमी पडत असतील तर रिळात वाचव, रॉडमध्ये नको.

रिळाबद्दल. या रॉडवर बेटकास्टिंग रीळ बसतं. त्याचं मूळ केंटकीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिस नावाच्या गावातल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने असं रीळ बनवलं, ज्यात मूठ एकदा फिरवली की दोरीची स्पूल अनेकदा फिरते. आज डब्यावर ७.१:१ असं लिहिलेलं दिसेल त्याचा अर्थ हाच, एका फेरीला स्पूलच्या सात फेऱ्या आणि वर थोडं. मोठा आकडा म्हणजे जास्त चांगलं रीळ असं समजू नकोस. खोल जाणाऱ्या क्रँकबेटला ५ किंवा ६ चा आकडा बरा, कारण ते पाण्यात जोर लावतं. तुझ्या कामाला ७ च्या आसपास घे.

या रिळाचा खरा ब्रेक तुझा अंगठा. आमिष हवेत मंदावतं पण स्पूल फिरतच राहते, आणि क्षणात दोरीचं घरटं होतं. म्हणून आधी बाजूचा छोटा घट्ट करायचा खटका असा लाव की रॉड आडवा धरून दोरी मोकळी सोडली तर आमिष सावकाश खाली उतरेल, आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. आतला ब्रेक सुरुवातीला जवळजवळ पूर्ण ठेव. आमिष पाण्याला लागायच्या किंचित आधी अंगठा टेकव. हे लिहून कळत नाही, आवारात गवतावर आठवडाभर रोज वीस मिनिटं टाकलंस की अंगठ्याला आपोआप कळतं. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढ्या ओढीला सुटेल असा ठेव. म्हणजे १५ पौंडी दोरीला चार-पाच पौंड. वजनकाट्याला दोरी बांधून मोज, अंदाज करू नकोस.

दुसरा संच पगार साठेल तेव्हा. सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० आकाराचं स्पिनिंग रीळ, १० ते १५ पौंडी ब्रेड आणि पुढे सहा-सात फूट ८ पौंडी फ्लोरोकार्बन. हलकी आमिषं, वाऱ्याचे दिवस, मासा खायला तयार नसतो ते दिवस, सगळं यावर निघतं. रबरी बेडूक आणि ५० पौंडी ब्रेडचा संच उन्हाळ्यात, गवताची चटई पृष्ठभागावर आली की बघू. त्याआधी घेतलास तर तो माझ्या भिंतीवरच्या पाचांसारखा टांगून राहील.

लायसन्स आधी काढ. नियमपुस्तिका स्वतः वाच. गुंटर्सव्हिलवर १५ इंचांखालचा लार्जमाउथ ठेवता येत नाही, टेप जवळ असू दे. तू आता ज्या राज्यात राहतोस तिथल्याच माँटगोमेरीच्या रे स्कॉटने १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडायची पद्धत रुजवली, आणि आज बहुतेक बासवाले तसंच करतात. मी तुला योग्य जाडीची दोरी घे म्हणतो त्याचं हेही कारण आहे. फार बारीक दोरीवर मासा दहा मिनिटं खेळवत ठेवलास तर तो थकून जातो, गरम पाण्यात सोडल्यावर जगत नाही. लवकर आण, ओल्या हाताने धर, लवकर सोड. अण्णा जिताडा घरी आणायचे आणि सगळा वाडा जेवायचा, ते तेव्हा बरोबर होतं. इथे खाल्लास तर एखादा छोटा, नियमात बसणारा खा, मोठी मादी पाण्यात परत जाऊ दे.

तुझ्या मामीने आमचं १४ मार्चच्या आठवड्यात हंट्सव्हिलला यायचं ठरवलंय. तोवर सरावाला रिळावर साधी १४ पौंडी मोनो भर. फ्लोरोकार्बन मात्र आणून नुसती घरात ठेव, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत नको. ती भरायला दोन माणसं लागतात. एकाने दोरीची स्पूल पेन्सिलवर धरायची आणि दुसऱ्याने ती ओल्या फडक्यातून, एकसारख्या ताणाने, काठापासून एक अष्टमांश इंच मोकळा ठेवून गुंडाळायची. पेन्सिल मी धरतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा