माल आहे, पण पत्ता चुकला!
भिवंडीतले गोदाम नव्या गाळ्यात हलवले आणि ट्रकचालकाकडे जुनाच पत्ता राहिला, तर माल शाबूत असूनही हाती येत नाही. संकेतस्थळ आणि त्याचा माहितीसाठा, म्हणजे डेटाबेस, नव्या सर्व्हरवर नेल्यावर जोडणी होत नाही, तेव्हाही बहुधा असेच घडते. म्हणून काही पुसू नका. आधी संदेश वाचा.

‘जोडणी नाकारली’ : यंत्र सापडले, पण त्या दारावर, म्हणजे पोर्टवर, बहुधा कोणी ऐकत नाही. मायएस्क्यूएलचे नेहमीचे पोर्ट ३३०६.

उत्तरच आले नाही : पत्ता आणि फायरवॉल तपासा.

‘प्रवेश नाकारला’ : दारापर्यंत पोचलात, नाव व परवलीचा शब्द पाहा. तेही बरोबर? मायएस्क्यूएल मागणी कोणत्या यंत्रावरून आली हेसुद्धा पाहते!

प्रयोगशाळेतला नियम इथेही पाळा : एका वेळी एकच बदल.