एका दिवसाची कोठडी

श्रावण-भाद्रपदात सह्याद्रीच्या माळांवर आणि कड्यांवर एक नाजूक रोप उगवते. कोठे ते सरळ वाढते, तर कोठे वेलासारखे चढते. त्याचे फूल लहानशा कंदिलासारखे दिसते. म्हणून त्याला कंदीलपुष्प म्हणतात. कोणी खरपुडी म्हणतात, कोणी खरचुडी म्हणतात. गुराखी पोरे त्याचा कंद उकरून खातात. कंद पुष्कळांना ठाऊक आहे. पण फूल काय करते, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. तेच आज पाहू या.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. मक्याच्या तुऱ्यातून पिवळी भुकटी झडते. ती कणसाच्या केसांवर पडते, तेव्हा दाणा भरतो. या भुकटीला पराग म्हणतात. मक्याचे पराग वारा नेतो. भोपळ्याचे पराग मधमाशी नेते. पराग पोचले नाहीत, तर फळ नाही आणि बीही नाही.

कंदीलपुष्पाचे पराग बारीक चिलटे नेतात. पण चिलट मोठे चंचल. आले की उडाले! मग काम कसे व्हायचे? म्हणून हे फूल चिलटाला थोडा वेळ कोंडूनच ठेवते.

फुलाची बांधणी पाहा. पाच पाकळ्या, टोकाशी बहुधा जुळलेल्या. त्यांच्या मधून आत जायला वाटा. खाली अरुंद नळी. नळीच्या तळाशी फुगीर कोठडी. वासाच्या ओढीने चिलट येते, गुळगुळीत कडेवर बसते आणि पाय घसरून नळीत पडते. नळीत ताठ केस असतात. त्यांची टोके खाली वळलेली असतात. ओढ्यात मासे धरायचा बांबूचा सापळा असतो ना? मासा आत सहज जातो, पण आत वळलेल्या कामट्या त्याला बाहेर येऊ देत नाहीत. तसेच हे. चिलट खाली उतरते, पण वर चढू शकत नाही.

मग ते तळाशी फिरते. तेथे थोडा मध असतो. तो चाटायला ते तोंड घालते. याचे पराग सुट्या भुकटीसारखे नसतात. रुईच्या फुलासारख्याच त्यांच्या मेणचट, बारीक पुड्या असतात. दोन पुड्या आणि मध्ये एक चिमटा. तो चिमटा चिलटाच्या तोंडाला अडकतो.

साधारण एक दिवस जातो. नळीतले केस सुकतात. ताठ उभे फूल कलते. वाट मोकळी होते आणि चिलट पुडी घेऊन उडते. पुढे ते दुसऱ्या कंदिलात सापडते. तेथे पुडी खाचेत बसते आणि बी धरते. शिंगांसारख्या दोन शेंगा येतात. त्या उकलल्या की रुईच्या म्हातारीसारखे बी वाऱ्यावर उडते.

कास पठारावर दवबिंदू नावाची वनस्पती आहे. ती किडे धरते आणि पचवते. कंदीलपुष्प तसे नाही. ते धरते, काम करवून घेते आणि सोडून देते.

दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीची युक्ती २०१६ साली उघडकीस आली. कोळ्याने पकडलेल्या मधमाशीला जसा वास येतो, तसा वास हे फूल सोडते. मधमाशीचा रस चोखायला टपलेली चिलटे त्या वासाने फसतात.

आता कामाची गोष्ट. इतकी खटपट करूनही पुष्कळ फुले फळ न धरताच गळतात. त्यात आपण फुलावर आलेले रोप कंदासाठी उपटले, तर बी कोठून येणार? याच्या काही जाती साऱ्या जगात फक्त सह्याद्रीत आहेत, आणि त्याही थोड्याच डोंगरांवर. कोणती जात दुर्मीळ, हे पाहताक्षणी ओळखत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कंद खणू नका. पोरांना फूल दाखवा, कंदाची चव दाखवू नका. चार घास कंदाने पोट भरत नाही, पण एक जात मात्र कायमची जाते.

आता सांगा :
१. चिलट नळीतून वर का चढू शकत नाही?
२. वाट मोकळी केव्हा होते?
३. तुमच्या गावात या रोपाला काय म्हणतात? ते नाव लिहून काढा.