दावा आपला आपणच लावायचा

पिथमपूरच्या ज्या कारखान्याला मी देवासहून सुटे भाग पुरवत होतो, त्याचं दिवाळं निघालं तेव्हा ना कुणाचा फोन आला, ना पत्र. पेपरात एक चौकट छापून आली, बस. कंपनी एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात गेली की २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणे अशी जाहिरात एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात द्यावी लागते. दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावरही ती असते. दाव्याला मुदत चौदा दिवसांची. चुकलीच, तर निदान नव्वद दिवसांपर्यंत धडपड करता येते.

पुरवठादाराने फॉर्म बी भरायचा, कामगाराने फॉर्म डी. फी नाही. बिलं, शिक्क्याची चलनं आणि बँकेचा उतारा जोडला की झालं.

पैसे मिळतात का? कंपनी मोडीत निघाली तर आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे पगार आणि तारणवाल्या बँका एकाच पायरीवर. आपण पार खाली. बिलांवरचा जीएसटी मी कधीच भरून बसलो होतो. हाती आलं ते त्याहूनही कमी. कामगारांना सांगतो, पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम या वाटपाच्या बाहेर असते, ती वेगळी मागा.

म्हणून खरी हालचाल दिवाळ्याच्या आधी हवी. पुरवठादाराला एनसीएलटीत जायला २०२० पासून एक कोटीची थकबाकी लागते. आपली कुठली एवढी! पण उद्यम नोंदणी असेल तर पंचेचाळीस दिवस उलटताच लघुउद्योगांच्या थकबाकीसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करावी, व्याज बँक दराच्या तिप्पट लागतं. कंपनी एकदा दिवाळखोरीत गेली की स्थगिती येते आणि तीही वाट बंद.

कंपनी आपलीच असेल आणि तिच्या कर्जाला घरच्या कुणी वैयक्तिक हमी दिली असेल, तर कंपनीची तडजोड झाल्याने तो आपोआप सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज १९३३ च्या सुमारास कर्जापायी पाँडिचेरीला निघून गेले, तिथे तेव्हा फ्रेंचांचं राज्य होतं. आपल्याला तसं निघून जायची सोय नाही.

आणि दुकान किंवा वर्कशॉप एकट्याच्या नावावर असेल, तर संहिता नव्हे, १९२० चा जुना नादारी कायदा लागतो. अर्ज आपापल्या जिल्हा न्यायालयात, पिथमपूरवाल्यांचा धारला, आमचा देवासला. असं प्रकरण आधी चालवलेला वकील गाठा. तरुण वकिलांपैकी अनेकांनी हा कायदा उघडूनही पाहिलेला नसतो.