अडखळणारा आवाज

मुलुंडला आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. काचबिंदूमुळे त्यांची दृष्टी गेली आहे. सकाळच्या भक्तिगीतांपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत त्यांचा सारा दिवस आकाशवाणीच्या सोबतीने जातो. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, हे ते आल्यागेल्यास कौतुकाने सांगतात. आता त्यांचे कार्यक्रम इंटरनेटवरून घरातील राउटरपर्यंत येतात आणि तेथून बिनतारी वायफायने त्यांच्या उशाजवळच्या लहानशा स्पीकरमध्ये उमटतात.

गेल्या पावसाळ्यात हा स्पीकर रुसला. दिवेलागणीला बातम्या लागल्या, की निवेदकाचे वाक्य मध्येच तुटे. आजोबांच्या मुलाने नवा स्पीकर आणण्याचे ठरविले. आजोबा म्हणाले, “कशाला उगाच खर्च? नाही ऐकल्या बातम्या, तर काय अडते?” परंतु त्यानंतर ते संध्याकाळभर भिंतीकडे तोंड करून बसू लागले. ही गोष्ट सातवीतल्या नातवाच्या नजरेतून सुटली नाही.

इंटरनेटवरून आवाज लहान लहान तुकड्यांनी येतो. स्पीकर काही क्षणांचा साठा करतो आणि मग ते तुकडे ओळीने वाजवितो. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते ना, तसेच हे आहे. खालून पाणी थोडा वेळ आले नाही तरी नळ वाहतो. टाकी रिती झाली, की तो कोरडा पडतो. आजोबांची टाकी रोज सायंकाळी रिती होत होती. पण का?

नातवाने एक जुनी वही घेतली आणि आवाज केव्हा केव्हा तुटतो, ते लिहून ठेवले. पाच दिवसांत असे दिसले, की पहाटे सहाला एकदाही खंड पडत नाही. सायंकाळी सात ते दहा मात्र वारंवार पडतो. बिघडलेले यंत्र पहाटे शहाणे आणि सायंकाळी वेडे कसे होईल? त्याने वडिलांचा संगणक तारेने राउटरला जोडून सायंकाळी तोच कार्यक्रम लावला. तो अखंड चालला. म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीत दोष नव्हता. मग स्पीकर राउटरच्या शेजारी आणून ठेवला. तोही बिनतक्रार बोलू लागला! दोष दोहोंच्या मधल्या वाटेवर होता.

राउटर बाहेरच्या खोलीत, लोखंडी कपाटामागे जमिनीवर ठेवलेला होता. तेथून आजोबांच्या खोलीपर्यंत दोन भिंती आणि स्वयंपाकघरातील पाण्याचे पिंप. जगदीशचंद्र बसूंनी १८९५ साली कलकत्त्यात बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली होती. तेव्हा साधी भिंत म्हणजे अभेद्य तट नव्हे. परंतु लोखंडी कपाट लहरींना परतवून लावते, पाणी त्यांना शोषून घेते, आणि सळया घातलेल्या काँक्रीटमधून जाताना त्या क्षीण होतात. राउटर उंच फळीवर उघड्यावर ठेवण्यात आला. वडील त्याच वेळी आणखी दोनचार खटपटी करणार होते; नातवाने त्यांना थांबविले. “सगळे एकदम बदलले, तर कशाने गुण आला ते कसे कळायचे?”

आवाज सुधारला, पण पुरता नाही. मोबाइलवर पाहता आसपासच्या घरांतील सतरा राउटर त्याच परिसरात लहरी सोडत असल्याचे दिसले. जुन्या स्पीकरला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच समजत असे. या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनेल आहेत. मात्र एकेक चॅनेल इतके रुंद, की ते शेजारच्या चॅनेलांवर पसरते. १, ६ आणि ११ ही तीन मात्र एकमेकांना न घासता चालू शकतात. बहुतेक राउटर सहावर होते, आणि आजोबांचाही! सायंकाळी माणसे कामावरून परतली, की सातच्या लोकलसारखी तेथे दाटी होई. अकरावर दोघेच होते. राउटर अकरावर नेताच बातम्या सलग ऐकू येऊ लागल्या.

तरीही रोज आठाच्या सुमारास दोन मिनिटे घोटाळा होई. वही पुन्हा उघडली. त्याच वेळी आई मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवीत असे! त्या भट्टीतील लहरी सुमारे २.४५ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यातील. बाहेर झिरपणारा त्यांचा अल्प अंश माणसाला अपाय करीत नाही, पण नाजूक वायफायला तो गोंगाटच. आता दूध गॅसवर तापते.

एके संध्याकाळी आजोबांनी ती वही मागून घेतली, पानांवरून बोटे फिरविली आणि नातवाला ती पहिल्यापासून मोठ्याने वाचावयास सांगितली. त्या दिवशी बातम्या लावण्याची आठवण कोणालाच राहिली नाही.