शरद ऋतूतील औषधी रोपवाटिका : त्वक्-संग्रह आणि कुड्याची ओळख

भाद्रपद सरून आश्विन लागला की यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनची कापणी सुरू होते, कपाशीची पहिली बोंडे फुटू लागतात आणि पावसाने थंडावलेल्या भूमीवर अकस्मात तीव्र ऊन पडते. चिकित्सालयात पित्तप्रकोपाचे रुग्ण वाढतात. विरेचन, रक्तमोक्षण, तिक्तघृत यांचा हा काळ सर्व वैद्यबंधूंच्या परिचयाचा आहे. परंतु औषधी रोपवाटिकेतील काही महत्त्वाची कामेही याच काळातील आहेत, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात त्या कामांचा, विशेषतः त्यांतील एकाचा, विचार करावयाचा आहे.

द्रव्यसंग्रहाचा काळ सांगताना चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात त्वचा, कंद आणि क्षीर ही शरदात घ्यावीत असे म्हटले आहे. मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, सार हेमंतात. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या छत्तिसाव्या अध्यायात अंगपरत्वे ऋतू ठरविणारे मत नोंदवून ते अमान्य केले आणि सौम्य द्रव्ये सौम्य ऋतूंत, आग्नेय द्रव्ये आग्नेय ऋतूंत घ्यावीत असा निर्णय दिला. शार्ङ्गधर तर सर्व कार्यांसाठी सरस औषध शरदातच घ्यावे, केवळ वमन-विरेचनाची द्रव्ये वसंताच्या अखेरीस घ्यावीत, असे सांगतात. सालीपुरते बोलावयाचे तर आम्ही चरकमताकडे झुकतो. पावसाळ्याअखेर झाडात रस भरपूर असतो आणि साल काष्ठापासून सहज सुटते, हा प्रत्यक्ष अनुभव आहे. सप्तपर्णाची ‘विशालत्वक्’ आणि ‘शारद’ ही दोन नावे अमरकोशात शेजारी शेजारी आली आहेत. सातवीण शरदातच फुलते, आणि तिच्या सालीचा विषमज्वरातील उपयोग आपण जाणतोच. प्रतिसारणीय क्षारासाठी काळा मुष्कक, म्हणजे आपल्याकडील मोखा, सुश्रुतांनी शरदातच आणावयास सांगितला आहे, हेही येथे स्मरावे.

आता मुख्य विषय. काही वर्षांपूर्वी आमच्या रोपवाटिकेत पांढऱ्या कुड्याची रोपे केली होती. बी एका संग्राहकाकडून घेतलेले. पिशव्यांना कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या. त्या वर्षीच्या पावसात चिठ्ठ्या भिजून अक्षरे पुसली गेली आणि शरदात रोपे हलविताना दोन वाफ्यांतील पिशव्या एकत्र झाल्या. आम्ही अंदाजाने निवड केली आणि रोपे शेतकऱ्यांना धुऱ्यावर लावण्यासाठी दिली. काही वर्षांनी झाडे फुलावर आली तेव्हा त्यांतील अनेकांच्या फुलांच्या मध्यभागी तंतूंची झालर दिसली. तो काळा कुडा होता. अतिसार-प्रवाहिकेसाठी साल मिळावी म्हणून शेतकऱ्याने जागा आणि पाणी दिले, आणि हाती आले ते दुसरेच द्रव्य. दोष सर्वस्वी आमचा होता. बाजारातून भेसळीची साल आली तर पुढच्या वेळी विक्रेता बदलता येतो. चुकीचे लावलेले झाड मात्र वर्षानुवर्षे चुकीचे औषध देत राहते.

पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हिना प्युबेसन्स, हाच आपला कुटज. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोघांची पाने समोरासमोर, दोघांना पांढरा चीक, दोघांच्या शेंगा जोडीने लोंबणाऱ्या. चरकांनी वत्सककल्पात कुटजाचे पुरुष आणि स्त्री असे दोन भेद वर्णिले आहेत, ते याच दोन वृक्षांना लावण्याचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. काळ्या कुड्याच्या पानांपासून पूर्वी नीळ काढीत. त्वचारोगांत त्याचा उपयोगही आहे. तो निरुपयोगी वृक्ष नव्हे, पण तो कुटज नव्हे. पांढऱ्या कुड्याचे पान सामान्यतः मोठे असते. तथापि लहान रोपाचा निश्चय केवळ पानावरून करण्याचे धाडस आम्ही आता करीत नाही.

निश्चय करावयाचा तो मातृवृक्षावर, आणि त्यासाठी शरद सोयीचा आहे. या दिवसांत हिरव्या शेंगा झाडावर असतात. काळ्या कुड्याच्या जोडीतील दोन्ही शेंगा कोवळ्या असताना टोकाशी चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. हे खालून पाहूनही कळते. अशा झाडावर आताच खूण करून ठेवावी आणि हिवाळ्यात शेंगा पक्व झाल्यावर त्याच झाडाचे बी घ्यावे. बी चघळून पाहावे : कडू इंद्रजव तो कुटज, गोडा इंद्रजव तो काळा कुडा. टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये यातून वगळावीत, तेथील वनस्पतींना हात लावता येत नाही. शेतांचे धुरे आणि नाल्यांचे काठ आपणांस पुरेसे आहेत.

चिठ्ठीसाठी आम्ही आता ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने अक्षरे कोरतो. एक पट्टी वाफ्याला, दुसरी पिशवीच्या मातीत. नाव, मातृवृक्षाचे ठिकाण, बी घेतल्याची तारीख एवढे पुरते. हे काम संध्याकाळी करावे. शरदात प्रदोषकाळी चांदणे सेवन करावे असे ऋतुचर्येत सांगितलेच आहे, आणि कोजागरीच्या आसपास अंगणात बसून पट्ट्या कोरण्यात जो आनंद आहे तो चिकित्सालयातील खुर्चीत नाही. पहाटेचे मात्र आम्ही अपराधी आहोत. शरदात दव वर्ज्य आहे हे रुग्णांना सांगावयाचे, आणि स्वतः पारिजातकाखालच्या पिशव्यांवर पडलेली फुले पाहण्यासाठी दवात चालावयाचे!

इतर कामे थोडक्यात. पिशव्यांतून जमिनीत गेलेली मुळे कापून पिशव्यांची जागा बदलावी, नाहीतर पुढे रोप उचलताना मुख्य मूळ तुटते. सावलीची जाळी ऑक्टोबरचे ऊन सरेपर्यंत ठेवावी. अश्वगंधेची विरळणी करावी. काळ्या जमिनीत पाणी साचले असेल तर चर काढावेत. तरोट्याचे बी शेंगा तडकण्यापूर्वी घ्यावे. सफेद मुसळीची पाने पिवळी पडली की अनेकांना खणण्याची घाई होते. कंद जमिनीतच पक्व होऊ द्यावेत.

औषधनिर्मात्यांसाठी दोन गोष्टी. अर्जुनाची किंवा कुड्याची साल विकत घेताना ती खोडाभोवती पूर्ण वलय काढून घेतलेली आहे काय, हे संग्राहकास विचारावे. पानांत तयार झालेला आहार मुळांकडे नेणारा स्तर सालीबरोबर निघून जातो आणि पूर्ण वलय काढलेले झाड मरते. एका बाजूची अरुंद पट्टी किंवा फांदीची साल घेतल्यास झाड जगते. अशी साल थोडी महाग पडेल, ती महागच घ्यावी. दुसरी गोष्ट नोंदीची. 2000 साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून कच्च्या मालाच्या नोंदी ठेवणे आपणांस बंधनकारक आहे. त्या वहीत संग्रहाचा ऋतू आणि ठिकाण यांचेही दोन रकाने असावेत. आवळ्याच्या बाबतीत ऋतूचा रकाना विशेष उपयोगी पडतो. दिवाळीपूर्वी बाजारात येणारा आवळा बहुधा अपक्व असतो. च्यवनप्राशासाठी आम्ही आवळी नवमी उलटल्याशिवाय फळ घेत नाही, मग दिवाळीची विक्री हुकली तरी चालेल.

कुड्याच्या खुणा करण्याच्या कामाला विद्यार्थी उपयोगी पडतात. गेल्या शरदात आम्ही चौघांना सोबत नेले होते; त्यांनी खूण केलेल्या झाडांपैकी दोन काळ्या कुड्याची निघाली. त्या दोन्ही खुणा त्यांनी स्वतःच, इंद्रजव चघळल्यावर, पुसल्या.