वस्ताद लहुजी साळवे

वस्तादाची थोरवी केवळ त्याच्या बाहुबलाने मोजावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. पुण्याचे लहुजी साळवे (१७९४–१८८१) हे मांग समाजात जन्मलेले नामांकित वस्ताद. जोतीराव फुले त्यांच्यापाशी दांडपट्टा व नेमबाजी शिकले. १८४८ पासून जोतीरावांनी पुण्यात मुलींसाठी व पुढे अस्पृश्य गणलेल्या जातींसाठी शाळा काढल्या. तेव्हा लहुजींनी आपल्या समाजाची समजूत घालून मुले शाळेत धाडली. शिष्याच्या कार्यास गुरूच साह्यकर्ता झाला! ज्यांना अक्षरांपासून दूर ठेवले, त्यांना नुसते मनगटाचे बळ पुरणार नाही, हे त्या वस्तादाने ओळखले होते. जैनथच्या मैदानावर जोर-बैठका काढणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी पाटीपुस्तकही तितक्याच निष्ठेने हाती धरावे.